अमाइनचं प्रकरण

आमच्या कारखान्यात कापडाचे रंग बनतात. नारण वसावा रंगखात्यात होता आणि मी, दलपत, स्टोअरचा कारकून. नारण धुतलेला बनियन घालून आला तरी दुपारपर्यंत घामानं तो पिवळा व्हायचा. त्यावर आम्ही हसायचो.

त्याचा चुलतभाऊ मोहन त्याच खात्यात चौदा वर्षं होता. त्याला लघवीतून रक्त जायला लागलं, तपासात मूत्राशयात गाठ निघाली. कामगार दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "बिडी किती ओढतोस?" मोहननं जन्मात बिडी ओढली नव्हती. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचा पेशंट बोलावला. मॅनेजर म्हणाले, "पाणी कमी पीत असेल."

नारणच्या डोक्यातून ते जाईना. बारावीला तो रसायनशास्त्रातच गचकला होता, त्याला तेवीस वर्षं झाली. तरी भरूचला जाऊन त्यानं कॉलेजचं एक जाडजूड जुनं पुस्तक आणलं, सेंद्रिय रसायनशास्त्राचं, गुजरातीतलं. आठवडाभर एकटाच झगडला. मग ते काखेत मारून सरयूबेनच्या दारात उभा राहिला. सरयूबेन मेहतांनी गावातल्या शाळेत तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली होती. नारणला नापास होताना त्यांनीच पाहिलं होतं.

"मुलीसाठी आणलंत का पुस्तक?" त्यांनी विचारलं.

"नाही बेन, माझ्यासाठी."

"या वयात? कुठली परीक्षा द्यायचीय?"

"परीक्षा नाही. आम्ही पिंपात काय ढवळतो, तेवढं कळायला हवं."

पहिले दोन रविवार बेन वैतागल्या. कार्बनला चार हात असतात हे त्याला पटायचं, पण बेन्झिनच्या षट्कोनात वर्तुळ का काढतात ते डोक्यात शिरेना. शेवटी बेननी सुपातल्या शेंगांचं कडं मांडून समजावलं. नारणनं त्या शेंगा खाऊन टाकल्या, तेव्हा बेन पहिल्यांदा हसल्या. मग नावं कशी फोडायची ते आलं. मिथाइल म्हणजे काय, 'डाय' लागलं की दोन कसे होतात. जेवणाच्या सुट्टीत तो मला खडूनं फरशीवर आकृत्या काढून दाखवायचा.

अमाइनचं प्रकरण लागलं, त्या दिवशी तर तो उड्या मारत आला. "दलपत, पुस्तकात आमचंच काम लिहिलंय रे! अमाइन, आम्ल, नायट्राइट, थंड ठेवायला बर्फ. बर्फ मी रोज टाकतो!"

मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण अमाइन कुठलं? पिंपावर नुसतं 'बेस नंबर चार' लिहिलंय. तुझ्याकडे मालाचे कागद येतात ना?"

कागद येत होते. अकरा वर्षं मी त्यावरचं वजन जुळवून सही करत होतो, नाव कधी वाचलं नव्हतं. मॅनेजरसाहेब जेवायला गेल्यावर एका चिठोऱ्यावर ते उतरवलं आणि नारणच्या खिशात घातलं.

रविवारी बेनच्या ओट्यावर बसून त्यानं स्वतःच नाव फोडलं. "डायमिथाइल, म्हणजे दोन मिथाइल. पुढे बेन्झिडिन. हे काय असतं, बेन?"

बेननी चिठोरं हातात घेतलं, चष्मा काढला, पुसला. "ते आपल्या धड्यात नाही. आज पुरे."

नारण घरी गेला. पुस्तकाच्या शेवटी शब्दांची यादी असते हे त्याला बेननीच शिकवलं होतं. बेन्झिडिन सापडलं. पाठीला पाठ लावलेले दोन षट्कोन, दोन्ही टोकांना अमाइन. खाली बारीक अक्षरांत दोन ओळी: यापासून मूत्राशयाचा कर्करोग होतो, हाताळू नये.

तसाच उठून तो परत बेनकडे गेला. "तुम्हाला माहीत होतं!"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या पिंपातलं याचं भावंड आहे, तेच नव्हे. पण अवगुण तसाच असावा अशी भीती आहे. सांगितलं असतं तर उद्यापासून कुठे गेला असतात कामाला, नारणभाई? मी काय दुसरं काम देणार होते?"

नारण ओट्यावर बसला. म्हणाला, "मोहनला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी बेन स्वतः त्याच्याबरोबर दवाखान्यात आल्या. डॉक्टरांपुढे पुस्तक उघडून ठेवलं, शेजारी चिठोरं. डॉक्टर चिडले, "कामगार आता मला शिकवणार?"

"शिकवत नाही साहेब," नारण म्हणाला. "भाऊ चौदा वर्षं काय ढवळत होता, एवढंच लिहा."

डॉक्टरांनी दोन्ही वाचलं. मग केसपेपर मागवून लिहिलं.

मोहनचं मूत्राशय काढलं. आता त्याच्या पोटाला पिशवी असते, आणि भाभी ती बदलताना दार लावून घेते. भरपाईचा दावा कचेरीत पडून आहे. सरकारी तपासनीस आले, खातं पंधरा दिवस बंद राहिलं, मग सुरू झालं. हातमोजे मिळाले, उन्हाळ्यात कुणी घालत नाही. नारणनं खात्यातल्या सगळ्यांना सांगून पाहिलं. एक जण म्हणाला, "तुझं ठीक आहे प्रोफेसर, माझ्या घरी पाच तोंडं आहेत."

नारणला मॅनेजरांनी बॉयलरच्या कामाला टाकलं. त्याच्या लघवीत संशयास्पद पेशी निघाल्या, दर तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. रिपोर्ट यायच्या आठवड्यात तो कुणाशी बोलत नाही.

पिंपातल्या मालाचं नाव बाहेर कुणी दिलं, याची कारखान्यात चौकशी झाली. नारणला तीनदा ऑफिसात बोलावलं. तिन्ही वेळा त्यानं सांगितलं, पिंपाचं लेबल ओलं करून खरवडलं, खाली दिसलं. मी शेजारच्या टेबलावर बसून ऐकत होतो.