तारेवरचा मणी

आर्लिस टोलेफसनचा कुणावरच विश्वास नव्हता. रेडिओवरच्या हवामानावर नाही, पेंडीच्या दुकानातल्या काट्यावर नाही आणि शेजारच्या डेलमर क्रुश्केवर तर मुळीच नाही. पण जानेवारीत तिची तीन कोकरं कुणीतरी फाडली. विस्कॉन्सिनच्या त्या टेकड्यांत कायोटी, म्हणजे लांडग्याचा धाकटा भाऊ, तारेच्या फासात जिवंत धरायला शिकवणारा म्हातारा डेलमर एकटाच होता. आर्लिसचा संशय मात्र डेलमरच्याच कुत्र्यावर, रस्टीवर होता. चोराकडूनच आपण कुलूप बसवून घेतोय, असं तिला वाटत होतं.

कुंपणापासून लांब, बर्फातल्या पायवाटेवर डेलमरने वीतभराहून थोडा उंच फास उभा केला आणि आसपासची रोपटी छाटून टाकली.

"तार झाडाला गुंडाळली की जनावर लटकून मरतं. आपल्याला ते बांधून ठेवायचंय, फाशी नाही द्यायची."

"आणि हा मणी कशाला?" तारेवर ठोकलेल्या धातूच्या मण्याकडे तिने बोट दाखवलं.

"फास इथं थांबतो, पुढं आवळत नाही. कुणाचा कुत्रा अडकला तर सकाळी जिवंत सापडतो."

"कुणाचा कुत्रा, डेलमर?"

"कुणाचाही. तू शिकायला आलीस की उलटतपासणी घ्यायला?"

झालं, तिची खात्री पटली. आपल्या रानात तीन फास लावून तिने तिन्हींचे मणी पकडीने उपटून काढले. रस्टी मेला तर मरू दे. दुपारी डेलमर फास तपासायला आला आणि एकेकापाशी बराच वेळ वाकून बसला. कायोटीने इकडे फिरकू नये म्हणून हा माणसाचा वास लावून ठेवतोय, असं खिडकीत उभ्या आर्लिसने ठरवून टाकलं.

तिसऱ्या सकाळी कुंपणाशी चौथं कोकरू मरून पडलं होतं. तिथून निघालेले पंजांचे ठसे मधल्या फासापर्यंत गेले होते. फासात पेपर बसला होता, तिचा स्वतःचा कुत्रा, बाटलीने दूध पाजून वाढवलेला. त्याच्या तोंडाला लोकर होती, छातीवर रक्त होतं. तिला पाहून त्याने शेपूट हलवली. गळ्याखाली तारेवर कोरा करकरीत मणी चमकत होता.

डेलमर आला तेव्हा ती बर्फातच बसून होती.

"मणी तुम्ही परत ठोकलेत."

"हो."

"मला बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर पुन्हा उपटले असतेस." मग तो खाली बघत म्हणाला, "तुझ्यासाठी नाही ठोकले. मलाही रस्टीचाच संशय होता, बाई. रोज सकाळी आधी त्याचं तोंड उघडून बघायचो."

आर्लिसला लाज वाटली, रडूही आलं. तिने फास सैल केला. ज्या हाताने मणी उपटले होते, तोच हात पेपर चाटू लागला. रक्ताची चटक लागलेल्या कुत्र्याला त्या भागात गोळी घालतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तुमच्याकडे मेंढ्या नाहीत," ती म्हणाली. "याला सांभाळाल?"

डेलमरने पेपरच्या गळ्यातल्या पट्ट्यासाठी हात पुढे केला, आणि तिने पट्टा त्याच्या हातात दिला.