पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

ग्वाल्हेरात भुताखेतांना भिणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. आकड्यांना भिणारा माणूस मात्र एकच, आणि तो जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेला. हे माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका. समोर आलेला आकडा दोन, तीन, पाच, सात अशा मूळ संख्यांनी भागत सुटायचं, ही त्यांची जन्माची खोड. आकडा भागला गेला की चेहरा खुलतो, कशानेच भागला गेला नाही की हातपाय गार. "ज्याला कोणी भागत नाही, त्याचं जगात कोणीच नाही," असं ते म्हणतात, आणि अशा एकट्या आकड्याची सावली त्यांना घरावर नको असते. हरिशंकरपुरमच्या नाक्यावर ७९१९ नंबरची रिक्षा दिसली की भर उन्हात उभं राहून ते त्र्याऐंशीपर्यंत भागून पाहतात, घाबरून मागे सरतात आणि दौलतगंजला पायी निघतात. नवा मोबाइल तर दीड महिना पोह्यांच्या डब्यात होता. त्याच्या दहा आकडी नंबराला विभाजक सापडेपर्यंत चार वह्या भरल्या, आणि आम्ही फोन लावला की पोहे वाजायचे.

गेल्या हिवाळ्यात आत्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात तिच्या फाइलवर नंबर पडला ५१०५११. तो पाहताच काकांनी खिशातून पेन काढलं. दोनाने भागलं, बाकी एक. तिनाने, एक. पाच, सात, अकरा, तेरा, दर वेळी बाकी एकच. सतरानेही एकच उरला, असं ते मोठ्याने म्हणाले आणि पेन थांबलं. पहिल्या सात मूळ संख्यांच्या गुणाकारात एक मिळवला की नेमका हाच आकडा येतो, असं त्यांनी मला हलक्या आवाजात समजावलं. मग म्हणाले, "कसंही भागा, एकच उरतोय. आज हिला आत नेऊ नका."

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, आता उशीर नको. काकांनी स्ट्रेचरचा दांडा घट्ट धरला. नर्स म्हणाली, "अंकल, छोड़िए, देर हो रही है." मी त्यांचा हात सोडवायला गेलो, पण खरं सांगायचं तर त्या एकाची मलाही भीती वाटू लागली होती.

आत्या पडल्यापडल्याच म्हणाली, "अहो, एकोणीसने तर पाहा. मुलांना असं अर्ध्यात थांबू देत होतात का?"

काकांनी फाइलच्या पाठीवर भागाकार मांडला. बाकी शून्य. दोनदा पडताळा घेतला आणि मगच दांडा सोडला.

आत्या बरी होऊन घरी आली. एकदा काका बाहेर गेलेले पाहून मी तिला विचारलं, एकोणीसचं तुला कसं ठाऊक?

"ठाऊक कुठलं? सतरानंतर एकोणीस. चाळीस वर्षं हेच तर ऐकते आहे."

"आणि तिथेही एक उरला असता तर?"

"तर तेवीस म्हटलं असतं," ती म्हणाली. "डर मलाही होताच रे. हे एकटे कसे राहतील, बस इतकाच."

दोघांपैकी एक कधीतरी उरणारच, हे त्या दोघांनाही कळतं आणि मलाही. फाटकाबाहेर काका कुठल्याशा रिक्षाचा नंबर भागत उभे होते. आत्या त्यांचा चहा घेऊन गेली आणि भागाकार संपेपर्यंत शेजारी उभी राहिली.