वीतभर ट्रकचे दरवाजे

थोरल्या मामांच्या पाया पडायला वाकलं, की ते आशीर्वाद देत नाहीत. "उजेड अडवू नका, जावईबापू," एवढंच म्हणतात.

हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. उभा जन्म ट्रक बांधणाऱ्या कारखान्यात दरवाजे बसवण्यात गेला. निवृत्तीनंतर ट्रक लहान झाले, राग मात्र मूळ मापाचाच राहिला. आता खिडकीजवळच्या टेबलावर ते पत्र्याचे वीतभर ट्रक करतात आणि त्या ट्रकांचे दरवाजे खरोखर उघडतात. दुकानातल्या खेळण्यांचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगते. "त्याला दार असतं का? दाराची रेघ असते! ड्रायव्हरनं आत शिरायचं कुठून, टपावरून?"

त्यांची बिजागरी म्हणजे सगळा श्वास रोखून करायचा मामला. पितळेच्या बारीक नळीचे तांदळाएवढे तीन तुकडे कापायचे. मधला दरवाजाला, वरचा-खालचा केबिनच्या खांबाला, आणि तिघांतून डोकं छाटलेली टाचणी ओवायची. टाचणी ओढली की दरवाजा हातात, घातली की जागेवर. त्या वेळी घरात पंखा बंद, रेडिओ बंद, आणि मामी शिंकली तर तिचा उद्धार.

"माझ्या कपाटाचं दार महिनोन्‌महिने लोंबतंय," मामी मला ऐकवत होती, "त्याला हात लावतील तर शपथ."

"ती बिजागरी मोठी आहे," मामा भिंगातून डोळा न काढता म्हणाले. "ती कोणीही बसवेल."

एका गोष्टीचा मात्र त्यांना गर्व होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. "कारखान्यात विचारा कोणालाही. माझ्या हातचा एकही दरवाजा कधी अडकला नाही!"

वरच्या मजल्यावर धाकटे मामा राहतात. तेही त्याच कारखान्यातले, पण रंगारी. निवृत्तीच्या जेवणात थोरल्यांनी भरल्या पंगतीत जाहीर केलं होतं, "रंग काय, कोणीही फासतं. दरवाजा बसवायला अक्कल लागते." धाकटे पानावरून उठले ते उठलेच. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. जिन्यात समोरासमोर आले तर एकजण भिंतीकडे बघतो, दुसरा कठड्याकडे. निरोप असला तर तो जातो माझ्यामार्फत. जावई म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा, असं लोक म्हणतात. इथे मी दोन्ही घरचा हमाल आहे.

अशात कारखान्याच्या साहेबांनी घोळ घातला. नव्या इमारतीच्या दारात काचेच्या पेटीत कारखान्याच्या पहिल्या ट्रकची छोटी प्रतिकृती ठेवायची होती. त्या पहिल्या ट्रकचे दरवाजे थोरल्यांनी बसवलेले, रंग धाकट्यांनी दिलेला. साहेबांना भांडणाची वार्ता नव्हती. त्यांनी दोघांनाही विचारलं, आणि दोघेही हो म्हणाले, कारण नाही म्हणणं म्हणजे दुसऱ्याला मैदान मोकळं सोडणं.

थोरल्यांनी ट्रक बांधला. दरवाजा मिटला की सांधा शोधावा लागे, असा चपखल. "नखाची कड आत जाईल का बघा," त्यांनी मला आव्हान दिलं. गेली नाही. मग बुटांच्या खोक्यात ठेवून मी तो ट्रक वर नेला.

"काय म्हणतोय तो?" धाकट्यांनी विचारलं.

"म्हणतात, रंगाचा हात पातळ ठेवा."

"त्याला सांगा, मी रंग देतोय, अंगणात सडा घालत नाहीये."

मी खाली येऊन सांगितलं.

"मग त्याला सांगा, दार उघडून बघायचं नाही. बैलाचा हात आहे त्याचा."

हेही मी सांगितलं, फक्त बैल गाळला. धाकट्यांनी तो स्वतःहून ओळखला. "बैल म्हणाला ना?"

रंग वाळून ट्रक खाली आला तेव्हा मामीसुद्धा टेबलापाशी आली. अस्तराचा हात, वर गडद निळा, कडेला पांढरी रेघ. बघत राहावं असा. कारखान्याचा माणूस दुपारी न्यायला येणार होता. थोरल्यांनी डाव्या दरवाजाला नख लावलं. दरवाजा हलला नाही. उजव्याला लावलं. तोही नाही. चिमट्यानं ओढलं, बाजू बदलून बघितली, फुंकर मारली. त्यांचा चेहरा आधी उतरला आणि मग चढला.

"रंग दिलाय की भिंत लिंपलीये? जावईबापू, जा, विचारा त्या फराटे मारणाऱ्याला!"

जाण्याची गरज पडली नाही. धाकटे जिन्यातच उभे होते. ते आत आले आणि पहिल्यांदाच मला वळसा घालून थेट भावाशी बोलले.

"फट ठेवली होतीस का?"

"फट? माझ्या कामात फट?"

"रंगाला जाडी असते. दोन हात दाराच्या कडेला, दोन चौकटीला. तो जाणार कुठे, तुझ्या डोक्यावर?"

"कारखान्यात नाही कधी अडकले ते!"

"अडकले असते. सगळे अडकले असते." धाकट्यांचा आवाज खाली आला, आणि तो चढलेल्या आवाजापेक्षा वाईट होता. "तू दार बसवून चहाला जायचास. मी कानस घेऊन कडा घासायचो, मग रंग द्यायचो. तुझं एकेक दार मी घासलंय."

मामीनं खुर्चीची पाठ धरली. थोरल्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"मग हे का नाही घासलंस?"

"कोणीही फासतं ना रंग? मग मी नुसता फासला."

ट्रक मध्ये उभा होता, सुंदर आणि मुका. असाच गेला असता, तर पेटीत ठेवताना दाराला हात लावून बघणाऱ्या पहिल्याच माणसाला कळलं असतं, की इथे दार नाही, दाराची रेघ आहे. थोरल्यांनी कानस उचलली.

"हात नको लावूस," धाकटे खेकसले. "रंगाचे टवके उडतील."

"मग काय पूजा करू त्याची?"

"दार सोडवून दे. आतून घासतो."

थोरल्यांनी कानस टेबलावर ठेवली. मग चिमट्यानं त्यांनी डावी टाचणी ओढली. दरवाजा सुरीच्या पातीच्या टोकानं अलगद सैल केला आणि भावाच्या तळहातावर ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ आपटलाच. "वाकवलास तर याद राख."

"तू आधी उजेडातून बाजूला हो."

थोरले बाजूला झाले. मी त्या घरात हे दृश्य प्रथमच बघत होतो. धाकटे घासत होते, थोरले खांद्यावरून बघत होते. "बास." "अजून." "बास म्हणतोय ना!" "तू म्हणतोस म्हणूनच अजून." उजव्या दारालाही अशीच शिवीगाळ पुरली.

कारखान्याचा माणूस आला तेव्हा घासलेल्या कडांना नव्यानं दिलेला पातळ हात नुकता सुकला होता आणि दारं टाचण्यांवर परत बसली होती. त्यानं करंगळीनं डावा दरवाजा ओढला. उघडला. ढकलला. मिटला.

"वा! कोणाचं काम हे?"

"दरवाजे माझे," थोरले म्हणाले.

"फटी माझ्या," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, मामीकडे बघितलं. पण नाकारलं नाही. त्यांनी खोकं उचलून त्या माणसाच्या हातात दिलं आणि त्याच्यावरच ओरडले, "आडवं धरू नका, माणसं बसतात त्यात!"