माझा केशरी फेटा आणि लेकीचा रोबो

ओमानमधल्या घुब्र्याच्या शाळेत लेकीच्या रोबो फुटबॉलची सेमीफायनल होती. बाप गर्दीत उठून दिसायला हवा, म्हणून मी पाडव्याचा केशरी फेटा बांधून गेलो आणि व्हिडिओ झकास यावा म्हणून गोलमागे उकिडवा बसलो. बॉलही केशरीच होता, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

शिट्टी वाजली. लेकीचा रोबो बॉलकडे पाठ करून थेट माझ्याकडे आला. मला वाटलं, ओळख दाखवतोय. मी हात हलवला. मग समोरच्या टीमचाही आला. दोघे माझ्यापुढे गोलच्या भिंतीला धडका देत बसले आणि बॉल मैदानात एकटा पडला.

"बाबा, ते ऑरेंज शोधतात! त्यांच्यासाठी तूच बॉल आहेस!" लेक रडकुंडीला आली होती.

"यल्ला, चला, बॉल बाहेर!" ओमानी रेफरी मला म्हणाले.

मी व्हरांड्यात फेटा सोडतोय, तोच आत जल्लोष झाला. लेक धावत आली. "जिंकलो! आता फायनल!"

मी उघड्या डोक्याने आत निघालो, तर तिने दार अडवलं.

"बाबा, शर्ट!"

शर्ट मी फेट्याला मॅचिंग घातला होता. फायनल मी दाराच्या काचेला टक्कल टेकवून पाहिली.