धरणारं माणूस

आमच्या बाईंना सगळं हॉस्पिटल 'हलूनकाबाई' म्हणायचं. तोंडावर नाही, माघारी. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. माणूस एक्स-रेच्या टेबलावर आडवा झाला की बाई शिशाच्या काचेमागून खणखणीत आवाजात म्हणायच्या, "हलू नका." त्या आवाजाने बाहेरच्या बाकावर बसलेली माणसंसुद्धा ताठ व्हायची. मी त्यांच्या हाताखाली काम शिकलो. म्हणजे मुख्यतः बोलणी खाल्ली.

नवा होतो तेव्हाची गोष्ट. एक लहान मूल हात मोडून आलं होतं. टेबलावर ठेवलं की आकांत करायचं. मला दया आली, मी पुढे होऊन त्याला धरलं. बाईंनी बटणावरचा हात काढला आणि काचेमागून बाहेर आल्या.

"तुला कुणी सांगितलं धरायला?"

"रडतंय हो ते."

"रडू दे. त्याची आई बाहेर आहे ना? तिला ऍप्रन घाल आणि आत घे. आई एकदा धरेल आणि घरी जाईल. तू आज याला धरशील, उद्या त्याला, आणि रिटायर होईपर्यंत धरतच बसशील. किरणांचा अपाय साठत जातो. थेंबे थेंबे तळे साचे, शाळेत शिकला नाहीस का? रोजच्या माणसाने धरायचं नाही. घरच्या माणसाने धरायचं."

हा त्यांचा पहिला नियम. दुसरा, शिशाच्या ऍप्रनची घडी घालायची नाही, तो खुंटीवरच टांगायचा. घडी घातली की आतलं शिसं तडकतं, आणि ती भेग आपल्याला दिसत नाही, किरणांना बरोबर सापडते. तिसरा, गरज नसेल तर फोटो काढायचाच नाही. एखाद्या डॉक्टरने परवाच काढलेला फोटो पुन्हा मागवला की बाई त्याला फोन करून विचारायच्या, "पेशंटला काय लग्नाला उभं करायचंय, सारखे फोटो काढायला?" बाई कुणाचीही भीड ठेवत नसत. फक्त एक प्रश्न त्या अगदी हळू, कानाशी जाऊन विचारायच्या, "दिवस गेलेत का?" आत येणाऱ्या बाईला हे विचारलंच पाहिजे, पोटातल्या जिवाला किरणं नकोत म्हणून. एकदा सवयीने त्यांनी केस पिकलेल्या आजींनाही विचारलं. आजी म्हणाल्या, "तुझ्या तोंडात साखर पडो गं!" त्या दिवशी मी बाईंना पोटभर हसताना पाहिलं. असं दृश्य क्वचितच.

कारण बाई एकट्या होत्या. नुसत्या एकट्या राहत होत्या असं नाही, एकट्या पडल्या होत्या, आणि त्याचा मला अजून राग येतो. तरुणपणी त्यांचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांना कुणीतरी सांगितलं की या कामातल्या बायकांना मुलं होत नाहीत. झालं, मोडलं लग्न. बाईंनी छातीवरचा बॅज दाखवला. आमच्या अंगावर किती किरणं पडली ते त्यावर उमटतं, आणि बाईंच्या बॅजवर कधीच काही वावगं निघालं नव्हतं. पण भीतीपुढे बॅज काय करणार? पुढे त्यांच्या भावाला मुलगा झाला. बाई आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बाळाला बघायला गेल्या. त्यांनी हात पुढे केले तशी वहिनी बाळाला घेऊन मागे सरकली.

"नको ताई. तुमचं काम तसलं. अंगात राहतं म्हणतात."

"वहिनी, बटण सोडलं की किरणं संपतात," बाई म्हणाल्या. "दिवा मालवल्यावर उजेड कोपऱ्यात दडून बसतो का?"

वहिनी म्हणाली, "असेलही. पण उगाच कशाला?"

हे बाईंनी मला एकदा जेवताना सांगितलं, हसत हसत. "आंघोळ करून गेले ते आणखी चुकलं बघ," म्हणाल्या, "तिला वाटलं, हिलाच खात्री नाही." पुढे भाचरं-पुतणी असलेली माणसं सुट्टीच्या दिवशी जिकडे जातात तिकडे बाई गेल्या नाहीत. पुतण्या मोठा झाला, त्याचं लग्न झालं, भाऊही वारला. बाईंच्या घरी मी दोनदा गेलो. टेबलाला एकच खुर्ची होती. मला ती देऊन त्या पलंगावर बसल्या.

नोकरीचं शेवटचं वर्ष चालू असताना बाई आमच्याच जिन्यावरून पडल्या. भर दुपारी, सगळ्यांदेखत. वॉर्डबॉयनी स्ट्रेचरवर घालून त्यांना आणलं ते त्यांच्याच खोलीत. आयुष्यभर काचेमागे उभी राहिलेली बाई टेबलावर आडवी होती आणि काचेमागे मी.

खुब्याचा समोरून फोटो निघाला. पण बाजूनेही हवा होता, नाहीतर हाड नेमकं कुठे सरकलंय ते सर्जनला कळणार नव्हतं. त्यासाठी दुसरा, चांगला पाय उंच धरावा लागतो, म्हणजे किरणं त्याच्याखालून दुखऱ्या खुब्यापर्यंत पोचतात. पाय ठेवायचं स्टँड लावलं. वेदनेने बाईंचं सगळं अंग थरथरत होतं, पाय स्टँडवरून निसटत होता. मी फोटो काढला.

"हलला ना?" बाईंनी विचारलं.

"हलला."

"मग असे किती काढशील? नुसता धुरळा येणार."

मी ऍप्रन चढवला आणि पुढे गेलो. "मी धरतो. बटण दाबायला वरच्या मजल्यावरून कुणाला तरी बोलावतो."

"खबरदार!" त्या वेदनेतही त्यांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार. "तुला काय शिकवलं मी?"

"बाई, एकदाच."

"प्रत्येक जण एकदाच म्हणतो."

"मग बाहेरच्या बाकावरून कुणाला तरी विचारतो."

"परक्याने माझ्यासाठी का किरणं घ्यावीत? घरचं माणूस हवं." आणि एवढं बोलून त्यांनी नजर छताकडे वळवली. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच लागलं असावं. घरचं माणूस कुठून आणायचं? मग तिकडेच बघत त्यांनी एक फोन नंबर सांगितला. न अडखळता, पाठ असलेला. म्हणाल्या, "येईलसं वाटत नाही. पण विचार."

वहिनी आली. रिक्षातून उतरून जवळजवळ धावतच आली असावी, धाप लागली होती. आता तिचेही केस पिकले होते. दारावरच्या, किरणांचा धोका सांगणाऱ्या पिवळ्या खुणेपाशी मात्र तिचे पाय थबकले.

"आत यावं लागेल? ते चालू असताना?"

"हो," मी म्हणालो. माझा आवाज रुक्षच होता. मला तिची कीव करायची नव्हती.

तिने एकदा बाहेरच्या दाराकडे पाहिलं. मला वाटलं, चालली. पण तिने हातातली पिशवी बाकावर ठेवली आणि म्हणाली, "ते काय घालायचं असतं ते द्या."

ऍप्रनच्या ओझ्याने ती वाकली. पट्टा मी बांधायला लागलो तर टेबलावरून हुकूम आला, "नीट आवळ. खांद्याशी ढिला आहे." मग त्या वहिनीला म्हणाल्या, "पोटरीखालून दोन्ही हात घाला. हात वरच ठेवा, खाली किरणांच्या वाटेत येऊ देऊ नका. इकडे, पायाशी उभ्या राहा. तोंड तिकडे वळवा."

वहिनीने पाय उचलून धरला. तिचे हात थरथरत होते, बाईंचा पाय थरथरत होता, आणि मग कसं कोण जाणे, दोन्ही थांबले. मी बटण दाबलं. फोटो स्वच्छ आला.

ऍप्रन काढून देताना वहिनी घुटमळली. माझ्याशी नाही, बाईंशीच बोलली.

"ताई, एक विचारू? घरी नातू आहे. अजून रांगतोय. आज घरी गेल्यावर त्याला घेतलं तर चालेल ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई छताकडे बघत होत्या. मग कुठल्याही पेशंटला सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "खुशाल घ्या. बटण सोडलं की किरणं संपली. अंगात काही राहत नाही. दिवा मालवल्यावर उजेड कोपऱ्यात दडून बसत नाही."

"हो ना?" वहिनीचा चेहरा एकदम निवळला. तिचा या वेळी विश्वास बसला होता. ती दारापर्यंत गेली, मुठीला हात घातला आणि तशीच उभी राहिली. वळली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"ताई, मग तेव्हा…"

"तेव्हाही चाललं असतं, वहिनी."

वहिनी परत टेबलाकडे यायला लागली. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. "आता ऑपरेशनसाठी छातीचा फोटो आहे. त्याला कुणी धरावं लागत नाही. काम नसताना आत थांबायचं नाही. बाहेर बसा तुम्ही."

"मी बसते बाहेर. जात नाही," वहिनी म्हणाली. मी दार लावलं आणि काचेमागे गेलो.

"श्वास घ्या, धरून ठेवा," मी म्हणालो. बाईंनी श्वास धरला. मग त्यांनी डोळे पुसायला हात उचलला, एकदा, परत एकदा. 'हलू नका' म्हणायला माझी जीभ रेटेना. मी बटणावरचं बोट काढलं आणि त्यांचं होईपर्यंत थांबलो.