घरी कोणी नव्हतं

लोरेटाला एका जागी बसवत नसे. खुर्चीत टेकली की पाय हलायचे, उठली की हात. आणि नोकरी काय, तर पोलीस मुख्यालयाच्या तळघरात दिवसभर बसून राहण्याची! बावीस वर्षं झाली होती. अधिकारी रस्त्यावरून रिपोर्ट लिहून आणायचे आणि ही प्रत्येकावर शिक्का मारायची: हा खून, ही लूटमार, हा हल्ला, ही नुसती मोडतोड. महिनाअखेरीला हिंसक गुन्ह्यांचा आकडा पेपरात छापून यायचा.

गंमत होती ती एका नियमात. गोळी घरात शिरली आणि आत माणूस असला, तर तो हल्ला. घर रिकामं असलं, तर मोडतोड, आणि मोडतोड हिंसक धरत नाहीत. आता कोण शहाणा सांगेल की मी घरात होतो म्हणून? सांगितलं की झालात साक्षीदार. मग कोर्टाचे खेटे, आणि ज्याने गोळी झाडली त्याचा चुलतभाऊ रविवारी चर्चमध्ये तुमच्याच मागच्या बाकावर. म्हणून अख्ख्या व्हाइन स्ट्रीटचं एकच पाठ केलेलं उत्तर: घरी कोणी नव्हतं. भर दुपारी, टीव्ही चालू, गॅसवर भांडं, आणि घरी कोणी नव्हतं! लोरेटाला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण रिपोर्टात लिहिलंय तेच खरं धरायचं, हा तिच्या कामाचा शिरस्ता. दोन वर्षं आकडा घसरत होता आणि महापौर जिथे माइक दिसेल तिथे भाषण ठोकत होते.

तिची आई अर्नेस्टीन, वय वर्षं एकोणऐंशी, त्याच व्हाइन स्ट्रीटवर एकटी राहायची. पोलादाचा कारखाना चालू होता तेव्हा नवऱ्याने घाम गाळून घेतलेलं घर. नदीपलीकडे माझ्याकडे राहायला ये, म्हणून लोरेटा चार वर्षं तिच्या मागे लागली होती.

"आकडा खाली आलाय की गं," आई पेपर तिच्या नाकासमोर नाचवायची. "तूच मोजतेस ना? मग तुझाच तुझ्यावर विश्वास नाही होय?"

"आई, आकड्याचं सोड. समोरच्या डेलफीनच्या खिडकीला तीनदा गोळी लागली."

"हे बघ, ज्या महिन्यात आकडा वाढेल त्या महिन्यात येते. दिला शब्द. तोवर माझं डोकं खाऊ नकोस."

जुलैच्या शेवटच्या दिवशी, सोमवारी, टेबलावर रिपोर्ट आला: व्हाइन स्ट्रीट, चारशे अठरा. आईचं घर. काल दुपारी चारला स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक गोळी आत. अधिकारी केसलर. घरमालकीण चर्चमध्ये. घरी कोणी नव्हतं.

लोरेटाने तडक आईचा नंबर फिरवला. आई म्हणाली, "काच फुटली एक, त्यात काय एवढं?" बाई जिवंत आहे, तोऱ्यात आहे. लोरेटाने मोडतोडीचा शिक्का मारला. जूनचे एकोणीस, जुलैचेही एकोणीस. बरोबरी.

पण जीव थाऱ्यावर येईना. तीनदा कॉफी ओतली आणि तिन्ही वेळा टाकून दिली. शेवटी तिने रिपोर्टासोबतचे फोटो उघडले, जे ती एरवी कधीच बघत नसे. टेबलावर अर्धवट सोललेल्या शेंगांचं भांडं. त्याच्या शेजारी आईचा चष्मा.

त्या चष्म्याशिवाय आई घराच्या पायऱ्या उतरत नाही. चर्चमध्ये जाऊन गाणी काय डोंबल वाचणार?

जेवणाच्या सुट्टीत लोरेटा गाडी दामटत तिकडे गेली. आई भेंडी तळत होती. तिच्या खुर्चीच्या वर, जिथे कधी काही टांगलेलं नसायचं, तिथे औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर लटकत होतं. लोरेटाने ते उचललं. मागे भिंतीत भोक. खुर्चीत बसलं की आईचं डोकं येतं, नेमकं तिथे.

"खाली वाकले होते," आई पाठमोरीच म्हणाली. "शेंग पडली होती खाली."

"आणि केसलरला सांगितलंस चर्चमध्ये होते म्हणून!"

"सगळे सांगतात तेच सांगितलं. शिवाय जुलैचे एकोणीस झालेत हे तूच परवा सांगितलंस. खरं बोलले असते, तर वीस झाले असते ना? मला हिशेब येतो हो."

लोरेटा ओरडायला पुढे झाली. पण त्या खुर्चीत मटकन बसली आणि रडू लागली. "बावीस वर्षं मी 'घर रिकामं' म्हणून शिक्के मारतेय गं आई. आज तुझ्यावर मारला. तू इथे बसली होतीस, आणि मी माझ्या हाताने लिहिलं की तू नव्हतीस."

आईने गॅस बंद केला. झारा ठेवून ती लेकीकडे वळली.

"त्या केसलरला बोलाव," ती म्हणाली. "त्यालाच लिहू दे. तू हात लावू नकोस, नाहीतर म्हणतील पोरीने आईसाठी आकडा फुगवला. आणि डोळे पूस आधी. भेंडी खारट व्हायची."

पुढच्या शुक्रवारी पेपर आला. जुलै: वीस. पोलीसप्रमुख म्हणाले होते, वाढ फक्त एकाची आहे, घाबरण्याचं कारण नाही.

आई एक सुटकेस आणि लोखंडी तवा घेऊन ओसरीवर तयार होती. तिने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"फक्त एक म्हणे," ती म्हणाली. "अरे मेल्या, तो एक म्हणजे मी आहे!"

लोरेटाने सुटकेस गाडीत टाकली. आई मात्र फाटकाशी थांबली आणि समोरच्या घराकडे तोंड करून तिने खच्चून हाक मारली, "डेलफीन! अगं ए डेलफीन, घरात आहेस ना?"

समोरचा पडदा हलला. आतून कोणी ओ दिली नाही.