नाना बिको खातात

डोळे मिटत आलेत, पण पुरते मिटलेले नाहीत. पाठीखाली सासऱ्यांच्या थडग्याची गार लादी आहे, पोटात दोन माणसांचं जेवण आहे आणि वर बांधलेली निळी ताडपत्री वाऱ्यानं फडफडतेय. दुपारचे दोन वाजलेत.

सासऱ्याच्या थडग्यावर जावई आडवा झालाय हे आमच्या गुहागरात कुणाच्या कानावर गेलं तर महिनाभर दुसरा विषय निघणार नाही. पण इथे फिलिपिन्समध्ये, लुसेनाजवळच्या या गावात, एक नोव्हेंबरला असंच असतं. त्या दिवशी सगळं गाव दफनभूमीत येतं. थडगी घासून धुतात, फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात आणि मग डबे उघडतात. आपली माणसं वर्षातून एकदा भेटायची, तर नीट जेवूनखाऊन भेटावं, एवढाच विचार.

मी जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. मारिबेलशी लग्न होऊन नऊ वर्षं झाली. तिची आई (आईला इथे 'नानाय' म्हणतात) शहात्तर वर्षांची आहे आणि पहाटेपासून एकटीनं स्वयंपाकघर अडवून बसली होती. माझ्या वडिलांना आम्ही 'नाना' म्हणायचो. लग्नाच्या सुरुवातीला मी फोनवर "हां नाना, जेवलो नाना" असं बोलायचो, तेव्हा सासरच्यांची समजूत अशी की जावयाची आई फार घोगऱ्या आवाजाची आहे आणि तिला सर्दी आहे.

नानायनं आज पान्सित केलं, म्हणजे भाज्या घातलेल्या बारीक शेवया. लुंपियाच्या कुरकुरीत नळ्या तळल्या. केळीच्या पानात बांधून उकडलेला चिकट भात, म्हणजे सुमान, केला. आणि परातभर बिको. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात आणि काळ्या साखरेत शिजवून थापायचा, वर नारळाच्या दुधाची तेल सुटेपर्यंत परतलेली तपकिरी कणी पसरायची आणि वड्या पाडायच्या. त्यातलं थोडं थोडं एका पानावर वाढून तिनं तातयसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी, लादीवर ठेवलंय. ते पान माझ्या कानाशी आहे. नारळाचा वास येतोय. मारिबेल आणि नानाय मेणबत्त्या वाऱ्यापासून कशा राखायच्या यावर वाद घालतायत. त्यांचे आवाज लांब जातात, पुन्हा जवळ येतात, पुन्हा लांब जातात.

कुणीतरी माझ्या पायाचा अंगठा धरून हलवतं.

"जयू, सरक जरा."

नाना आहेत. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, पायात आगगाडीच्या प्रवासाला ठेवलेल्या चपला. नाना तीन वर्षांपूर्वी गेले, हे मला ठाऊक आहे. दहाव्याला मीच बसलो होतो. पण तसं तोंडावर सांगणं बरं दिसत नाही, म्हणून मी सरकतो.

ते टेकतात. मी विचारतो, कसे आलात.

"पाण्यातून. तुम्हीच सोडलंत ना समुद्रात? पुढे सगळं एकच आहे. फक्त उशीर लागतो." मग ते लादीवर नजर फिरवतात. "माझं पान कुठाय?"

नानांचं पान नाही. तीन वर्षं मी इथे येऊन पोटभर जेवतोय, पण माझ्या वडिलांसाठीही एक पान वाढा असं म्हणायची माझी छाती झालेली नाही. त्याला कारण आहे.

सहा वर्षांपूर्वी नाना बारा दिवसांसाठी इथे आले होते. आमच्या मुलीचा बाप्तिस्मा होता, म्हणजे इथलं बारसंच. नानायच्या अंगणात पन्नास माणसं जमली. हा पाहुणा मांसमच्छी खात नाही असं मी आधी सांगितलं होतं. नानायनं त्यांच्यासाठी नवीन कढई आणली आणि त्यात फक्त बिको केला. पहिल्यांदा बशी पुढे केली, नानांनी मान हलवली. दुसऱ्यांदा केली, पोटावर हात ठेवला. तिसऱ्यांदा सगळं अंगण बघत असताना तिनं बशी त्यांच्या मांडीवरच ठेवली, तर त्यांनी ती दोन बोटांनी लांब सारली. मग बारा दिवस केळी आणि घरून आणलेले पोहे, दुधात भिजवून. नानाय त्यांना रोज केळी आणून देत राहिली. मारिबेल मात्र ती दोन बोटं विसरली नाही. तिनं भांडण केलं असतं तर परवडलं असतं. तिनं नानांचं नावच घेणं सोडलं.

"नाही पान?" नाना म्हणतात. "बरं." आणि शेजारचं पान उचलतात.

आता आम्ही गुहागरच्या आठवडी बाजारात आहोत. नाना वजनमापे निरीक्षक होते, त्यांची सगळी नोकरी अशाच बाजारांत गेली. बाकड्यावर पितळी तराजू आहे, मासळीवाल्या टोपल्या घेऊन रांगेत उभ्या आहेत आणि नाना एका पारड्यात बिकोची वडी ठेवून दुसऱ्यात शिक्क्याचं वजन टाकतायत. काटा मधोमध थांबतो. मासळीवाल्या माना डोलावतात.

"बाई वजनात खरी आहे," नाना म्हणतात, आणि वडी पाचही बोटांनी उचलून तोंडात घालतात.

मी त्यांना इतकं मन लावून खाताना कधी पाहिलेलं नाही. ते चावतात, डोळे मिटतात, पुन्हा चावतात. गाल फुगतो. बोटं चाटतात. तांदूळ कुठला, साखर कधी घातली, वरची ही कणी जळू न देता कशी काढली, हे सगळं ते मला विचारतात आणि मला त्यातलं काहीच सांगता येत नाही. नऊ वर्षं नुसता गिळत आलास, असं ते म्हणतात.

माझा राग वर येतो. मी म्हणतो, आता खाताय. तेव्हा ती तीनदा घेऊन आली होती.

नाना दुसरी वडी उचलतात. "तेव्हा का नाही खाल्लं, ते सांगू का?"

"सोवळं. सगळ्यांना ठाऊक आहे."

"सोवळं?" ते रांगेतल्या मासळीवाल्यांकडे बघतात, आणि त्या तोंडावर पदर घेऊन हसतात. "अरे, तीस वर्षं या बायकांचे तराजू हातात धरून मी त्याच हातानं चहा प्यायलो. मला कसलं सोवळं?"

बाजार राहिलेला नाही. नानायचं अंगण आहे, सहा वर्षांपूर्वीचं, कागदी पताका लावलेलं. समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत दुसरे नाना बसलेत, ताठ, ओठ आवळून. माझे नाना माझ्याशेजारी उभे राहून बोटं चाटतायत आणि त्या खुर्चीतल्या माणसाकडे थोड्या कीवेनं बघतायत.

"ओठ बघ त्याचे," ते म्हणतात. "कवळी धरून ठेवलीय."

मी त्यांच्याकडे बघतो.

मग ते सांगतात. निघायच्या आठ दिवस आधी चिपळूणच्या दंतवैद्याकडून त्यांनी वरची कवळी बसवून घेतली होती. घरी कुणाला कळू दिलं नव्हतं. ती सैल होती. विमानात चिक्कीचा तुकडा खाल्ला तर कवळी चिक्कीसकट बाहेर आली, आणि शेजारच्या बाईनं त्यांना कागदी रुमाल दिला. तेव्हापासून त्यांनी बारा दिवस मऊ खायचं ठरवलं. पहिल्यांदा बशी पुढे आली तेव्हा त्यांनी हळूच चमचा लावून पाहिला होता. बिको चमच्याबरोबर हातभर ताणला गेला.

"हा पदार्थ माझे दात घेऊन जाणार, हे मला तेव्हाच कळलं," नाना म्हणतात. "पन्नास माणसं बघतायत. मुलाचं सासर. सोवळं म्हटलं की लोक मान देतात रे. कवळी म्हटलं की हसतात."

मी म्हणतो, मला तरी सांगायचं.

"तुला सांगितलं असतं तर तू बायकोला सांगितलं असतंस, तिनं आईला, आणि आईनं अंगणाला. मला इथे बारा दिवस काढायचे होते." ते तिसरी वडी घेतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत असतो, ते त्यांच्या लक्षात येतं. "हे माझे स्वतःचे. तिकडे परत मिळतात."

मला हसू येतं, आणि हसू येतंय म्हणून अजून राग येतो. मग मी ते सांगतो जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मारिबेल गुहागरला आली नाही. सुट्टी मिळाली नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. सुट्टी मिळाली होती. तिकीटही काढलं होतं. ती बॅग भरून पलंगावर बसली आणि म्हणाली, त्यांना माझ्या आईच्या हातचं चाललं नाही, माझ्या हातचं फूल तरी चालेल का.

नाना चावायचे थांबतात. खुर्चीतले नाना दोन बोटांनी बशी सारतात. त्यापलीकडे मारिबेल उभी आहे, कडेवर लेक, आणि तिचा चेहरा मला आत्ता पहिल्यांदा नीट दिसतो. नानांनाही दिसतो.

"ती आली नव्हती, ते माझ्या ध्यानात आलं होतं," ते म्हणतात. "मला वाटलं, सुट्टी नसेल."

पाणी हलतंय. आम्ही दाभोळच्या फेरीबोटीत आहोत, आणि सुकाणूवर माझे सासरे, तातय एर्नेस्तो, बनियनवर उभे आहेत. ते अस्सल गुहागरी मराठीत बोलतात आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

"माझं पान खाल्लंस का रे?" ते नानांना विचारतात.

नाना शरमतात. म्हणतात, मला वाटलं, ते सगळ्यांचं आहे.

"सगळ्यांचंच आहे," तातय म्हणतात, आणि माझ्याकडे वळतात. "तीन वर्षं येतोय हा. लांब त्या आंब्याखाली उभा राहतो. मी म्हणतो, ये, बस, तर म्हणतो, मला बोलावलेलं नाही."

मी खाली बघतो. बोटीच्या फळ्यांतून पाणी दिसतं.

धक्का जवळ येतो. नानांना बोटीतून उतरताना नेहमी भीती वाटायची. ते माझा डावा हात मनगटाच्या वर घट्ट धरतात, मी लहान असताना मी त्यांचा धरायचो तसा. बोटं चिकट आहेत.

"तिला सांग," ते म्हणतात. "कवळीचं सांग. चिक्कीचंही सांग. हसू दे तिला पोटभर. आता माझं काय जातंय?"

ते हातावर सगळा भार देऊन पाय उचलतात, आणि बोट एकदम हलकी होते.

ऊन तोंडावर आलंय. ताडपत्रीचा एक कोपरा सुटलाय आणि मारिबेल मला हलवून सांगतेय की ऊठ, तुझं नाक लाल झालंय. मी उठून बसतो. पुन्हा विचार करायला लागलो तर तोंड उघडणार नाही, म्हणून मी लगेच सांगून टाकतो. नाना आले होते म्हणतो. तिचा चेहरा बंद होतो. मी थांबत नाही. बशी, चमचा, विमान, चिक्की, शेजारच्या बाईचा कागदी रुमाल. कवळी शब्दाला इंग्रजी काय ते मला ऐनवेळी आठवत नाही, म्हणून मी बोटानं ओठ वर करून दाखवतो.

ती बघत राहते. मी तिची थट्टा करतोय का, हे ती माझ्या डोळ्यांत शोधते. मग तिच्या नाकातून एक बारीक आवाज येतो, आणि ती तोंडावर हात दाबते, पण ते काही थांबत नाही. ती वडिलांच्या थडग्याला पाठ टेकून हसत सुटते. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं, आणि ते हसण्याचं नाही हे मला कळतं, तरी मी नुसता तिच्याशेजारी बसून राहतो.

नानाय विचारते, काय झालं. मारिबेल तिला तागालोगमध्ये सांगते, मध्ये मध्ये थांबून, डोळे पुसत. नानाय गंभीरपणे सगळं ऐकून घेते. मग तोंडात बोट घालते, वरच्या दातांची अख्खी कवळी काढते आणि हातरुमालावर ठेवून आम्हाला दाखवते.

"पंधरा वर्षं झाली," ती बोळक्या तोंडानं म्हणते. "बिको खायचा तर ही काढूनच खावा लागतो. मला एक शब्द बोलला असता, तर दोघांनी काढून ठेवल्या असत्या."

मग ती नानांना चांगली झापते, समोर बसलेल्या माणसाला झापावं तशी. त्यातलं मला अर्धंच कळतं. एवढा शिकलेला माणूस, एवढा लांब आलेला, आणि बारा दिवस उपाशी राहिला, असं काहीतरी. बोलता बोलताच ती सुरी घेते, परातीच्या मधली मोठी वडी कापते आणि केळीच्या नव्या पानावर ठेवते. ते पान कुठे ठेवायचं म्हणून ती माझ्याकडे बघते. मी बोलायच्या आत मारिबेल पुढे होते, ते तिच्या हातून घेते आणि तातयच्या पानाला लागून ठेवते. एक मेणबत्तीही लावते. वारा ती विझवतो, ती पुन्हा लावते.

परतताना ती थांबते.

"हाताला काय लागलंय तुझ्या?"

मी बघतो. डाव्या हातावर, मनगटाच्या वर, एका बाजूला चार आडव्या रेघा आणि दुसऱ्या बाजूला एक जाड ठसा आहे. तपकिरी, चिकट, नारळाच्या तेलानं चकाकणारा. मी उजवा तळहात उघडून बघतो. जेवल्यावर पंपावर धुतला होता, तसाच स्वच्छ आहे. मारिबेल आपली बोटं त्या ठशावर ठेवून बघते. तिची बोटं आखूड पडतात. नानायही वाकून बघते आणि कपाळावर क्रूसाची खूण करते.

मारिबेल पाण्याच्या बाटलीनं फडकं भिजवते, माझा हात मांडीवर घेते, आणि मग फडकं तसंच बाजूला ठेवते. लादीच्या फटीतून मुंग्या निघाल्यात. त्या माझ्या कोपरावर चढतात, रांग धरून मनगटाकडे येतात आणि ठशाच्या एकेका बोटावर पसरतात.

"खाऊ दे त्यांना," ती म्हणते.